आवाज गेल्यावर: उपासनेत गाणाऱ्या एका ताईंचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण ज्यांचं आहे त्यांनी ते वाचून परवानगी दिली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, काही गाळले आहेत. आमच्या मंडळीतले, म्हणजे चर्चच्या समुदायातले, लहानथोर त्यांना ताई म्हणतात, म्हणून इथेही ताईच. मी त्याच मंडळीच्या काळजी गटात काम करते. आजारपण, मृत्यू, नोकरी जाणं अशा वेळी घरी जाऊन भेटणं, सोबत करणं हे आमच्या गटाचं काम.

ताई पन्नाशीच्या अलीकडच्या. लग्नाआधीपासून उपासनेत गात आलेल्या. पुढे गायकवृंदाची सगळी जबाबदारी त्यांच्याकडे आली. रविवारी कोणती गीतं घ्यायची, नव्या मुलांना सूर कसा धरायला शिकवायचा, दफनविधीला काय गायचं, हे सगळं त्याच ठरवायच्या. पोटापाण्यासाठी हिशेबाची नोकरी होती, पण तिच्याविषयी त्या फारसं बोलत नसत. ‘देवाने मला कशासाठी जन्माला घातलं ते मला लहानपणीच कळलं,’ असं त्या सहज म्हणत, आणि त्यात बढाई नसे. त्यांच्या विश्वासाचा आणि त्यांच्या गळ्याचा धागा एकच होता.

थायरॉइडची गाठ वाढत चालली म्हणून ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली. पण शुद्धीवर आल्यावर तोंडातून आवाजाऐवजी नुसती हवा येत होती. घशात दुर्बीण घालून पाहिल्यावर कळलं की डावा स्वरतंतू हलत नाही. त्याला हलवणारी नस थायरॉइडच्या अगदी मागून जाते, आणि कितीही जपून हात चालवला तरी काही जणांच्या बाबतीत ती दुखावते. हा धोका ऑपरेशनआधी सांगितलेला होता. दोष द्यायला कुणी नव्हतं, आणि त्यामुळे राग कुठे ठेवावा हेही कळेना. डॉक्टर म्हणाले, नस सावरायची असेल तर सहा महिने ते वर्षभरात सावरते, तोवर आवाजाची थेरपी करा. कुजबुजण्याने घशाला उलट ताण पडतो, म्हणून गरजेपुरतंच बोला, बाकी लिहून सांगा.

ताईंनी एक वही केली. पहिल्या दोन-अडीच महिन्यांतलं जवळजवळ सगळं बोलणं त्या वहीत आहे, आणि पुढचा बराच तपशील मला तिथूनच मिळाला.

अडचण

वरून पाहता अडचण आवाजाची होती. मंडळी तिच्यासाठी मनापासून प्रार्थना करत होती, घरी येणाऱ्यांची रीघ होती. पण येणारा प्रत्येक जण उत्तर घेऊन यायचा. कुणी म्हणे, देवाची काहीतरी मोठी योजना असणार. कुणी बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या एकोणतिसाव्या अध्यायातलं अकरावं वचन सुंदर अक्षरात लिहून आणलं, तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत ते. कुणी पंडिता रमाबाईंचं उदाहरण दिलं: दुष्काळात आईवडील गेले, मग बहीण, भाऊ, नवरा, आणि तरीही केवढं काम उभं केलं बाईंनी! एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी तर जखऱ्याची आठवण काढली. देवदूताच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही म्हणून त्याची वाचा गेली, ही लूकच्या पहिल्या अध्यायातली गोष्ट. त्यांना ताईंना दुखवायचं नव्हतं. ‘जखऱ्याची वाचा परत आली, तुमचीही येईल,’ हे त्यांना म्हणायचं होतं. ताईंनी त्यातलं फक्त कारण ऐकलं. त्या रात्रीच्या पानावर एकच ओळ आहे: ‘माझा अविश्वास कुठे झाला ते शोधते आहे.’

हळूहळू दोन प्रश्न एकमेकांत गुंतले. माझ्या बाबतीत हे का घडलं, हा एक. आता मी कशासाठी जगायचं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मिळेपर्यंत दुसऱ्याला हात लावायचा नाही, असं ताईंच्या मनाने जणू ठरवून टाकलं. आणि आसपासची माणसं पहिल्याच प्रश्नाची इतकी उत्तरं पुरवत होती की दुसऱ्याकडे जायला वाटच उरली नव्हती.

या सुमारास त्यांनी उपासनेला येणं थांबवलं. कारण वहीत स्पष्ट आहे: ‘सगळे गातात तेव्हा ओठ मिटून उभं राहवत नाही. ओठ हलवले तर खोटं वाटतं.’

समोरचे पर्याय

पाळकसाहेब म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, काळजी गटातले आम्ही दोघं-तिघं आणि ताईंचे यजमान असे एकत्र बसलो. चार वाटा चर्चेत आल्या.

पहिली म्हणजे बरेपणासाठी उपास आणि रात्रभराची विशेष प्रार्थना, आणि तिथे ताईंनी चार शब्द साक्ष द्यावी, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढे सांगावं. सूचना करणाऱ्यांचा भाव खरा होता. मला वाटलेली भीती वेगळी होती. आवाज त्या रात्री परत आला नाही, तर कमी पडलेला विश्वास कुणाच्या नावावर जमा होणार हे उघड होतं. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या बाराव्या अध्यायात प्रेषित पौल आपल्या देहातल्या काट्याविषयी, म्हणजे कायम छळणाऱ्या त्रासाविषयी सांगतो. तो निघावा म्हणून त्याने तीनदा विनंती केली. काटा निघाला नाही. कृपा पुरेशी आहे, एवढं उत्तर मिळालं. पौलाचा विश्वास कमी होता असं कुणी म्हणत नाही. मग मंडळीतल्या एका बाईच्या बाबतीत ती शंका येण्याजोगी जागा आपण का तयार करावी?

दुसरी वाट, ताईंना लगेच दुसरी सेवा द्यायची. हिशेबात हात चांगला आहे, तर मंडळीचे हिशेब द्यावेत. माणूस कामात राहिला की सावरतो, हे अनुभवाचं बोलणं आहे आणि पुष्कळदा ते खरंही ठरतं.

तिसरी, काहीच न करता नस सावरण्याची वाट पाहायची. यजमानांचा कल इकडे होता. ते थकलेले होते आणि घरी शांतता हवी म्हणत होते.

चौथी, ‘का’ या प्रश्नाला उत्तर देणं सगळ्यांनी थांबवायचं, आणि ताईंना देवापुढे तक्रार करायला मोकळीक आणि सोबत द्यायची. ही सूचना माझी. पाळकसाहेबांना ती पटली, पण त्यांचा प्रश्न रास्त होता: तक्रारीला मोकळीक दिली आणि माणूस तिथेच रुतून बसला तर?

यावर बरंच बोलणं झालं. पवित्र शास्त्रात हे उत्तर फार उघड पडलं आहे, तरी आपण त्यावरून पुढे निघून जातो. बायबलमधल्या १५० स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. तेराव्या स्तोत्राच्या सुरुवातीलाच ‘किती वेळ’ हा प्रश्न चार वेळा येतो. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळही नाही. वधस्तंभावर येशूच्या तोंडी आले ते शब्दही बाविसाव्या स्तोत्राचे, तू माझा त्याग का केलास. ही देवाला सोडून गेलेल्यांची बोलणी नाहीत. ज्यांनी त्याला धरून ठेवलं त्यांची आहेत. सगळं गमावून देवाला जाब विचारणाऱ्या ईयोबाच्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात देव त्याच्या मित्रांवर रागावतो आणि ईयोबच माझ्याविषयी नीट बोलला असं म्हणतो. हेच मित्र आधी सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले होते. तोवर ते चांगले मित्र होते.

शेवटी ठरलं ते असं: साक्ष आणि जागरण नको. खासगीत प्रार्थना सुरू ठेवायची. हिशेबाचं काम विचारायचं, पण गळ घालायची नाही. भेटायला येणाऱ्यांची संख्या दोघा-तिघांवर आणायची आणि त्यांनी स्पष्टीकरण द्यायचं नाही.

काय केलं, आणि कुठे थबकावं लागलं

पहिले काही आठवडे भेटी अगदी साध्या होत्या. मी जायची, एक स्तोत्र मोठ्याने वाचायची आणि गप्प बसायची. ताईंना वाटलं तर त्या वहीत लिहायच्या. एकदा मी एकशे सदतिसावं स्तोत्र वाचलं, बाबेलच्या नद्यांकाठी बसलेल्या बंदिवानांचं. त्यांनी वीणा झाडांना टांगून ठेवल्या होत्या, आणि परक्या मुलखात परमेश्वराचं गीत कसं गावं असं ते विचारत होते. ताईंनी ते पुन्हा वाचायला सांगितलं. मग लिहिलं: ‘हे इतकी वर्षं मी कधी गायला का घेतलं नाही?’

त्या प्रश्नाकडे तेव्हा कुणाचंच लक्ष गेलं नाही. पुढे त्यातूनच सगळं निघालं.

त्याआधी एक वेगळाच प्रसंग आला. दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस वहीत एक वाक्य आलं: ‘मी नसले तर कुणाचं काय अडणार आहे?’ झोप उडाली होती, जेवण कमी झालं होतं, थेरपीच्या वेळा चुकत होत्या. हे विलापाचं वाक्य मानायचं की धोक्याचं? अशा वेळी अंदाज बांधत बसू नये, सरळ विचारावं. मी विचारलं, ‘ताई, जीव द्यावा असं मनात येतं का?’ त्यांनी बराच वेळ पेन हातात धरून ठेवलं. मग लिहिलं: ‘येतं. करणार नाही. पण येतं.’

असं विचारल्याने माणसाच्या मनात विचार भरवला जातो, ही समजूत मंडळीत आणि बाहेरही पक्की आहे. ती चुकीची आहे. विचारल्याने बहुतेकांना हायसं वाटतं आणि मदतीची वाट उघडते. ताईंच्या संमतीने त्याच दिवशी यजमानांना विश्वासात घेतलं, रात्री त्यांना एकटं न ठेवण्याचं ठरलं, आणि दोन दिवसांत मानसोपचारतज्ज्ञांची भेट झाली. नैराश्य असल्याचं निदान झालं, औषध आणि समुपदेशन दोन्ही सुरू झालं. एका नातेवाइकांनी विचारलं, ‘प्रार्थना पुरत नाही का?’ पाळकसाहेबांनी शांतपणे सांगितलं की घशाच्या डॉक्टरांकडे जाताना हा प्रश्न कुणी काढला नव्हता. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागत होता तेव्हा देवाने आधी त्याला झोपू दिलं, खायला दिलं, पुन्हा झोपू दिलं. बोलणं नंतरचं. राजांच्या पहिल्या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय मी तेव्हापासून काळजीच्या कामाचा पाठ म्हणूनच वाचते.

औषधाने झोप परतली. विश्वासाचे प्रश्न तसेच राहिले, पण त्यांच्यासमोर बसण्याची ताकद आली. रोजच्या कामात विलाप आणि नैराश्य वेगळे ओळखता यायला हवेत. विलाप करणारा माणूस कुणाशी तरी बोलत असतो, मग ते बोलणं भांडणाचं का असेना. नैराश्यात बोलणंच आटतं. ताईंच्या वहीत त्या आठवड्यांत देवाला उद्देशून एकही ओळ नाही. उपचार सुरू झाल्यावर पुन्हा आल्या, आणि पहिली रागाची होती.

हिशेबाचं काम त्यांनी घेतलं आणि महिन्याभरात परत केलं. ‘मला रिकामं ठेवायचं नाही म्हणून दिलंत,’ असं त्या तेव्हा थोड्याफार फुटलेल्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. खरंच होतं ते. सेवा म्हणून दिलेलं काम आणि औषध म्हणून दिलेलं काम यातला फरक घेणाऱ्याला लगेच कळतो.

मग एकदा त्यांनी कपाटातून जुन्या वह्या काढल्या. दर रविवारी घेतलेल्या गीतांच्या याद्या त्या वर्षानुवर्षं ठेवत आल्या होत्या: तारीख, गीताचा क्रमांक, सूर, कुणी गायलं. एकशे सदतिसाव्या स्तोत्रावरचा प्रश्न मनातून गेला नव्हता. पेन्सिल घेऊन त्या पानं उलटत गेल्या आणि स्तुती, आभार, विजय, आगमन, पुनरुत्थान अशा खुणा करत गेल्या. विलापाच्या गीतापुढे खूण करायची वेळच येईना. दफनविधीची गीतं सोडली तर रविवारच्या उपासनेत एकही नाही. याद्या त्यांच्याच हातच्या होत्या. पलीकडच्या खुर्चीवर मी बसले होते. त्या म्हणाल्या, ‘म्हणजे दुःखात असलेला माणूस इतकी वर्षं आपल्याकडे यायचा आणि त्याच्यासाठी गाणंच नसायचं. मला आता कळतंय तो का उठून जायचा.’

हे कुणी त्यांना सुचवलेलं नव्हतं. एखादी सेवा द्या म्हणून त्यांनी हात पुढे केला नव्हता. वीस वर्षं गीतं निवडलेल्या आणि काही महिने गप्प बसावं लागलेल्या माणसालाच ही उणीव दिसू शकत होती.

पुढच्या महिन्यात त्या पाळकसाहेबांकडे एक कागद घेऊन गेल्या. महिन्यातून एका संध्याकाळी विलापाची उपासना घ्यावी. प्रवचन नाही, साक्ष नाही, बरेपणाची प्रार्थना हवी असेल त्यांच्यासाठी शेवटी वेगळी. दोन-तीन स्तोत्रं वाचायची, मध्ये मोठी शांतता, एक-दोन गीतं संथ चालीत. येणाऱ्याला गायची सक्ती नाही, उभं राहायचीही नाही. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडील मंडळींपैकी काहींना वाटलं, लोक निराश होऊन घरी जातील. पाळकसाहेबांनी सहा महिने करून पाहू म्हणत संमती दिली.

आज

नस पूर्ण सावरली नाही. वर्ष उलटल्यावर बोलण्याचा आवाज बराच आला, पण लवकर थकतो, आणि वरच्या सुरांना पोचत नाही. एकट्याने गाणं संपलं. गायकवृंद एका तरुण मुलाकडे गेला आहे, आणि काही रविवारी ताईंना तिथे बसवत नाही, तेव्हा त्या बाहेर पडतात. औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी झालं.

विलापाची उपासना सुरू आहे. माणसं मोजकीच येतात, आणि त्यांतली काही रविवारी कधीच दिसत नाहीत: मूल गमावलेलं जोडपं, घटस्फोटानंतर मंडळीत यायला लाजणारी एक बाई, आईच्या स्मृतिभ्रंशाने पिचलेला मुलगा. गीतं ताई निवडतात. वाचन दुसरं कुणी करतं. त्या मागच्या बाजूला बसतात आणि संपल्यावर कुणी थांबलं तर त्याच्यापाशी जातात.

आवाज याच कामासाठी गेला, असं त्या म्हणत नाहीत. एका तरुणाने हौसेने तसं म्हटलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘याच्यासाठी देवाने माझा गळा घेतला असं म्हणू नकोस बाळा. गेला तो गेला. त्यानंतर देवाने मला टाकलं नाही, एवढंच मी सांगू शकते.’ रोमकरांस पत्रातल्या आठव्या अध्यायातलं अठ्ठाविसावं वचन मला असंच वाचावंसं वाटतं. सगळं चांगलंच असतं असं तिथे लिहिलेलं नाही. सगळ्यात देव हितासाठी काम करतो, असं आहे. पहिल्या वाचनात ताईंचा मुका स्वरतंतू चांगला म्हणावा लागतो. दुसऱ्यात तो वाईटच राहतो आणि तरी देवाच्या हाताबाहेर जात नाही. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांधाकडे पाहून पाप कुणाचं असं विचारतात, तेव्हा येशू तो शोधच बंद करतो आणि आपल्याला काम करायचं आहे, असं पुढचं बोलतो. ‘का’ चं उत्तर ताईंना अजून मिळालेलं नाही. पण त्यावाचून त्या थांबलेल्या नाहीत.

काय वेगळं करता येईल

भेटीला येणाऱ्यांना आवर उशिरा घातला गेला. पहिल्याच आठवड्यात दोघं-तिघं ठरवायला हवेत आणि बाकीच्यांना प्रार्थना, निरोप, घरकामाची मदत अशी दुसरी कामं द्यायला हवीत. माणसं उत्तरं आणतात कारण रिकाम्या हाताने जाणं त्यांना जमत नाही. हातात काही दिलं की वचनांचा मारा कमी होतो.

वचनं देताना त्यांचं शेजार पाहायला हवं. यिर्मयाचं ते लाडकं वचन बाबेलला गेलेल्या बंदिवानांना लिहिलेल्या पत्रात आहे. त्याच्या आधीच्याच वचनात ७० वर्षं थांबावं लागेल असं म्हटलंय, आणि त्याहून आधी घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा असं सांगितलंय. एवढ्या सगळ्यासकट ते वचन ताईंना मिळालं असतं तर उपयोगी पडलं असतं. रमाबाईंच्या उदाहरणाचंही तेच. १८७४ मध्ये आईवडील, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये नवरा गेला. विधवांसाठीचं शारदा सदन उभं राहिलं १८८९ मध्ये. मधल्या सात वर्षांत परदेशातलं शिक्षण, बाप्तिस्मा, धर्माविषयीचे वाद, प्रवास, निधी गोळा करणं हे सगळं आहे. ती वर्षं गाळून उदाहरण दिलं की ऐकणाऱ्याला फक्त आपलं अपुरेपण कळतं.

यजमानांकडे कुणी पाहिलं नाही. त्यांच्या थकव्याची दखल आत्महत्येच्या विचारांचा विषय निघाल्यावर घेतली गेली. आता आमच्या गटात प्रत्येक घरी दोन माणसं नेमली जातात, एक आजारी माणसासाठी आणि एक सांभाळणाऱ्यासाठी.

गायकवृंद दुसऱ्याकडे देण्याचा निर्णय ताईंना रविवारच्या सूचनांमधून कळला. घाई होती, सण जवळ होता, हेतू वाईट नव्हता. तरीही तो निर्णय आधी त्यांच्या घरी जाऊन, त्यांना सांगून आणि शक्यतो त्यांच्या हातून व्हायला हवा होता. नव्या मुलाला गीतांच्या याद्यांच्या वह्या पुढे वर्षभराने त्यांनी स्वतः दिल्या.

साक्षीबद्दल मंडळीने पुढे एक नियम केला: दुःखातल्या माणसाला साक्ष द्यायला कुणी बोलवायचं नाही, त्याने स्वतः मागितली तरच व्यासपीठ द्यायचं. वडील मंडळींत यावर अजून एकमत नाही. साक्षीने बाकीच्यांचा विश्वास वाढतो, हा विरोधकांचा मुद्दा मला खोटा वाटत नाही. प्रश्न वेळेचा आहे, आणि ती वेळ ठरवणाऱ्याचा. येत्या बैठकीत नियम पुन्हा चर्चेला आहे, आणि त्या चर्चेला ताईंना बोलावलं आहे.